गावची भांडी आणि कंपनीचा सर्व्हर

वामनरावांनी उभ्या आयुष्यात कुणाकडून काही काढून घेतलं नव्हतं. रिक्षावाल्याकडून उरलेले सुटे मागायची त्यांना लाज वाटे. शेजारच्या नागसेनांनी दिवाळीत माळा सोडायला म्हणून नेलेली शिडी दोन दिवाळ्या झाल्या तरी नागसेनांच्याच गच्चीवर होती, आणि वामनराव रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना तिच्याकडे परक्या माणसासारखे बघत. अशा भिडस्त माणसाच्या नशिबी अख्ख्या कंपनीचे हक्क काढून घ्यायचं काम यावं, याला काय म्हणायचं? पण आलं खरं.

कंपनी म्हणजे जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली काकासाहेबांची बियाण्यांची कंपनी. कपाशी, सोयाबीन, तूर, मका. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांचे वामनराव प्रमुख. एका काचेच्या खोलीत सर्व्हर होता, म्हणजे कंपनीचा सगळा माल, सगळी बिलं, सगळे दर ज्याच्या पोटात राहतात तो मोठा कॉम्प्युटर. त्या खोलीत बारा महिने एसी चालायचा, त्यामुळे उन्हाळ्यात रिसेप्शनच्या उषाबाई आपली ताकाची बरणी तिथेच ठेवत. वामनरावांना हे बिलकुल पसंत नव्हतं. पण दुपारी त्यातलं अर्धा ग्लास ताक त्यांच्या टेबलावर येई, आणि तत्त्वाचा प्रश्न उद्यावर जाई.

आता हक्कांचं. सर्व्हरवर ज्याला पूर्ण हक्क असतात, तो वाटेल ते बसवू शकतो, वाटेल ते पुसू शकतो. शहाण्या कंपन्यांत असे हक्क एकदोन माणसांकडे असतात. काकासाहेबांच्या कंपनीत ते निम्म्या लोकांकडे होते, आणि त्याला कारण खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत वजनकाटे, पोती शिवायचं मशीन, ट्रॅक्टर आणि सर्व्हर अशी सगळ्यांची पूजा व्हायची. सर्व्हरला हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. नारळ मात्र वामनरावांनी हातापाया पडून बाहेर फोडायला लावला होता. पूजेनंतर वर्षभर चांगलं काम केलेल्या माणसाला काकासाहेब मान द्यायचे. पूर्वी चांदीचं नाणं देत. मग त्यांच्या कानावर आलं की, सर्व्हरचे हक्क असलेला माणूस म्हणजे जवळजवळ मालकच. काकासाहेब खूश झाले. म्हणाले, मग तेच द्या की. मालकासारखं वाटलं तर मालकासारखं काम करतील.

तेव्हापासून दर खंडेनवमीला वामनराव टाळ्यांच्या गजरात कुणाला तरी हक्क देत आले. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सपोर्टच्या सगळ्या पोरांना मिळाले, उषाबाईंना मिळाले, वजनकाट्यावरच्या माणसाला मिळाले. काकासाहेबांच्या ड्रायव्हरलाही मिळाले. तो कधी कॉम्प्युटरला शिवला नव्हता, पण गावाकडे गेला की सांगायचा. गेल्या वर्षी तर खुद्द काकासाहेबांनाच वाटलं की आपल्यालाही एक असावा. मग सपोर्टच्या कल्याणने त्यांच्या नावाचं खातं उघडून दिलं, पासवर्डही त्यानेच टाकला, काकासाहेबांनी पडद्याला नमस्कार केला आणि पुन्हा म्हणून त्या खात्याकडे वळून पाहिलं नाही.

हा कल्याण म्हणजे आष्टीकडच्या शेतकरी घरातला पोरगा, हुशार, कामसू. कंपनीत कुणाचाही प्रिंटर अडला की पहिली हाक कल्याणला. कुंभार पिंपळगावच्या रामकिसन यांच्या मुलीशी, प्रियदर्शनीशी, त्याचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, लग्न मेअखेर होतं, आणि पोरगा जमिनीपासून वीतभर वर चालत होता. त्याच आनंदात त्याने पत्रिका स्वतःच बनवायचं ठरवलं. आपल्या कॉम्प्युटरवर गणपती उमटायला फार वेळ लागतो, सर्व्हरवर जल्दी उमटतो, असा शोध त्याला लागला आणि त्याने पत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर सरळ सर्व्हरवर बसवलं. हक्क होते ना!

बियाण्यांचा हंगाम तोंडावर, अंगणात टेम्पो रांगेत उभे, आणि सर्व्हर बसला. बसला म्हणजे असा बसला की उठेना. मध्येच थोडा हलला, तेव्हा बिलांच्या प्रिंटरमधून सोयाबीनच्या बिलाऐवजी कल्याणची लग्नपत्रिका बाहेर आली. वडीगोद्रीच्या एका व्यापाऱ्याने ती बिल समजून घडी घालून खिशात ठेवली आणि टेम्पो भरायला घेतला. गेटवर अडवल्यावर तो उलट भांडला की, एवढं गणपतीचं बिल आहे, तारीख आहे, मुहूर्त आहे, अजून काय पाहिजे तुम्हाला?

संध्याकाळी सर्व्हर कसाबसा उठल्यावर काकासाहेबांनी वामनरावांना बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "वामनराव, मान दिला तो मी. काढायचा मात्र तुम्ही." आणि चहा मागवला. वामनरावांना तो चहा गोड लागला नाही.

घरी आल्यावर त्यांनी ताराबाईंना सगळं सांगितलं. ताराबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की, एकेकाला बसवून आधी बोला, आणि कल्याणला तर आधी सांगाच, पोराचं लग्न तोंडावर आलंय. सल्ला चांगला होता. पण बायकोचा सल्ला चांगला आहे हे कळायला नवऱ्याला मध्ये एक नुकसान व्हावं लागतं, हा संसाराचा नियमच आहे. वामनराव गच्चीवर गेले. पलीकडच्या गच्चीवर नागसेन होते, वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि वामनरावांच्याच शिडीवर चढून पाण्याची टाकी साफ करत होते.

नागसेनांनी शिडीवरूनच तोडगा दिला. म्हणाले, एकाची लाइन कापली तर तो भांडायला येतो, सगळ्या गल्लीची गेली तर माणसं नुसती आभाळाकडे बघतात. सगळ्यांची एकदम कापा. वामनरावांना हे शास्त्रीय वाटलं. शिवाय यात कुणाच्या तोंडाकडे बघून काही बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वामनरावांना भुरळ पडली ती त्याचीच.

शनिवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर ते सर्व्हरपुढे बसले. हक्क असलेल्या सगळ्यांचा एक गट होता, त्याचं नाव त्यांनीच हौसेने ठेवलं होतं: 'मानकरी'. तो गट रिकामा केला की काम फत्ते. पडद्याने विचारलं, नक्की? वामनरावांनी सांगितलं, नक्की. पडद्याने पुन्हा विचारलं. यंत्राला जेवढी शंका येते तेवढी माणसाला आली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. वामनरावांनी बटण दाबलं, हात झटकले, आणि आता सपोर्टच्या पोरांना कामापुरते थोडे हक्क परत देऊ म्हणून पुढे सरसावले. तेव्हा पडद्याने अतिशय सभ्य भाषेत कळवलं की, हे करायचा आपल्याला हक्क नाही.

कारण सगळ्यात पहिल्या खंडेनवमीला सगळ्यात पहिला मान कुणाला मिळाला होता? वामनरावांनाच. मानकऱ्यांच्या गटातलं पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं, आणि गड्याने तेही पुसलं होतं. कंपनीचे कॉम्प्युटर प्रमुख आता सर्व्हरपुढे उषाबाईंच्या ताकाच्या बरणीइतकेच अधिकारी उरले. पूर्ण हक्काचं एकच खातं जिवंत होतं ते काकासाहेबांचं, कारण मालकाला मानकऱ्यांच्या गटात घातलंच नव्हतं, आणि त्याचा पासवर्ड जगात फक्त कल्याणला ठाऊक होता.

रविवार त्यांनी कसा काढला ते विचारू नका. ताराबाईंनी विचारलं, झालं का काम? ते म्हणाले, झालं, एकदम पूर्ण झालं. हे खोटं नव्हतं.

सोमवारी कल्याण कामावर आला, कॉम्प्युटर चालू केला, थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला आणि उठून वामनरावांच्या टेबलापाशी आला. वामनरावांनी पासवर्डचं कसं काढायचं याची मनात जुळवाजुळव केली होती, पण त्याचा चेहरा बघून ती सगळी विस्कटली. "सर, सांगितलं असतं तर मी आपल्या हातानं दिलं असतं," कल्याण म्हणाला. एवढंच. मग घरी काम आहे म्हणाला, रजा मागितली आणि गेला. वामनराव त्याला थांब म्हणू शकले असते, पण त्यांनी रजा मंजूर केली. वाईट वाटणं म्हणजे काय ते त्या सकाळी त्यांना नीट कळलं.

इकडे कंपनीत जुन्या दराची बिलं निघत होती, पण नवे दर सर्व्हरवर चढवायला हक्क लागत होते आणि ते कुणाकडेच नव्हते. दर चढले नाहीत म्हणून टेम्पो पुन्हा थांबू लागले. वामनराव सगळ्यांना सांगत होते की तांत्रिक काम चालू आहे. दुपारी उषाबाई ताक घेऊन आल्या, पण ग्लास ठेवून गेल्या नाहीत. समोर बसल्या.

उषाबाईंची मावशी घनसावंगीला, आणि मावशीच्या जावेचं माहेर कुंभार पिंपळगावात. या वाटेने बातम्यांची ने-आण रोजचीच होती. सकाळी उषाबाईंनी मावशीला सहज सांगितलं होतं की कल्याणचे हक्क काढले. (आपलेही काढले हे सांगायचं त्या विसरल्या.) घनसावंगीला पोचेपर्यंत त्याचं निलंबन झालं होतं, आणि कुंभार पिंपळगावात शिरताना त्याच्या मागे पोलीस होते. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने मुलीकडे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की सगळ्या कंपनीचे हक्क पोराच्या हातात आहेत. आता रामकिसननी कल्याणला बोलावून घेतलं होतं, बसून बोलू म्हणून.

"साहेब, सोयरीक मोडून राह्यली," उषाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. "जा तुम्ही. तुमच्याबिगर कुणी सांगू शकत न्हाई."

वामनराव उठले. आता ते पासवर्डसाठी निघाले की पोरासाठी, हा प्रश्न त्यांच्या शत्रूंनी विचारण्यासारखा आहे. प्रामाणिक उत्तर असं की, अंबड येईपर्यंत पासवर्डसाठी आणि त्यानंतर पोरासाठी. नागसेनांना फोनवर रस्ता विचारायची चूक त्यांनी केली. नागसेनांनी ठामपणे वडीगोद्रीवरून जायला सांगितलं, हायवे आहे, सुरळीत जाल. वामनराव सुरळीत वडीगोद्रीला उतरले, आणि भर उन्हात त्यांना कळलं की पुढच्या गाडीचा काही भरवसा नाही. हॉटेलच्या बाकावर घाम पुसत असताना एक टेम्पो थांबला. आतून तोच पत्रिकेच्या बिलाचा व्यापारी डोकावला. तोही कुंभार पिंपळगावकडेच निघाला होता. त्याने वामनरावांना पोत्यांवर बसवलं, कारण पुढे त्याची सासू होती, आणि वाटेभर मागच्या खिडकीतून सांगितलं की पत्रिका त्याने जपून ठेवलीय आणि लग्नाला तो येणारच. वामनरावांना त्याला सांगवेना की लग्नाचीच आता धडगत नाही.

रामकिसन यांच्या अंगणात लिंबाच्या सावलीला भांड्यांचा ढीग पडला होता. मोठ्या कढया, पराती, हंडे, झारे. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत गावची भांडी असतात आणि त्या खोलीची चावी रामकिसन यांच्याकडे. कुणाचंतरी कार्य उरकून भांडी परत आली होती आणि ते एक एक परात उन्हाला धरून बघत होते. पलीकडे बाजेवर कल्याण खाली मान घालून बसला होता. वामनरावांना बघून तो उभा राहिला. एवढं होऊनसुद्धा पोरगा उभा राहिला, हे वामनरावांच्या काळजाला लागलं.

पाणी झालं, चहा झाला. मराठवाड्यात चहाआधी वाईट बोलत नाहीत. कपबशी खाली ठेवल्यावर रामकिसन म्हणाले, "साहेब, मध्यस्थानं आम्हाला सांगितल्तं, पोराच्या हातात कंपनीचे हक्क हायेत. आता काढून घेतले म्हणतेत. चोरीबिरी केली का पोरानं? खरं सांगा. लेकीचा सवाल हाये."

वामनरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की पोरगा सोन्यासारखा आहे, चोरी नाही, काही नाही. मग का काढले, असं रामकिसननी विचारलं, आणि ते विचारणं रास्तच होतं. वामनराव समजावू लागले. म्हणाले, समजा तुमचा ट्रॅक्टर आहे, त्याची चावी तुम्ही सगळ्यांना देता का? रामकिसन म्हणाले की त्यांच्या ट्रॅक्टरची चावी ट्रॅक्टरलाच असते, ज्याला लागेल तो नेतो. बरं, घराला कुलूप? कुलूप नाही, घरात माणूस असतं. वामनरावांना दरदरून घाम फुटला. असल्या भरवशाच्या माणसाला संशयाचं शास्त्र कसं शिकवायचं? ते हताशपणे इकडेतिकडे बघू लागले, आणि त्यांची नजर कढयांवर गेली.

त्यांनी विचारलं, ही भांडी कुणाची? गावची, रामकिसन म्हणाले. मग तुमच्या घरात का ठेवत नाही? रामकिसन हसले, ते त्या दिवसातलं पहिलं हसू. त्यांनी सांगितलं, कार्य असलं की मागायची, न्यायची, घासून परत करायची. घरात ठेवून घेतली तर कोण काय शिजवील आणि कुणाची कढई कुणाच्या गोठ्यात सापडेल, नेम नाही.

वामनराव बाजेवरून उठलेच. "तेच केलंय मी! कल्याणकडून कढई काढली नाही. सगळ्यांच्या घरी पडलेल्या कढया गोळा करून खोलीत ठेवल्या. आता ज्याला लागेल त्याने मागायची, काम झालं की घासून परत करायची. यात कुणाचा अपमान नाही." हे त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं, पण बोलता बोलता ते त्यांचंच धोरण झालं. कल्याणने मान वर केली. सपोर्टच्या पोरांना हक्क असे कामापुरते द्यायचे, हे त्याला एका वाक्यात कळलं.

रामकिसननी परात खाली ठेवली. "हे बराबर हाये. अन् चावी कुणाकडं?"

माझ्याकडे, असं वामनराव म्हणणार होते. पण अंगणातल्या दोघा जणांपुढे अजून एक थाप मारायची त्यांची हिंमत संपली होती. त्यांनी सांगून टाकलं की आवराआवरीत चावी खोलीतच राहिली आणि दार आपण बाहेरून ओढून घेतलं. आता दुसरी चावी आहे ती या पोराच्या डोक्यात. रामकिसन एवढे हसले की आतून बायका बघायला आल्या. त्यात प्रियदर्शनीही होती, दाराला टेकून. कल्याणही हसू दाबत होता, आणि वामनरावांना आपली फजिती जन्मात पहिल्यांदा कामाची वाटली.

पासवर्ड सांगायला कल्याण लगेच तयार झाला. मात्र तो जालन्याला सर्व्हरपुढे बसून टाकावा लागणार होता, बाहेरून आत शिरायला पुन्हा हक्कच हवे. म्हणून उषाबाईंना फोन लावून सर्व्हरपुढे बसवलं. रामकिसन यांच्या अंगणात रेंज फक्त लिंबाच्या बुंध्याशी, आणि तीही अर्धवट. कल्याणने मोबाइल कानाला लावला, मग एकदम थांबला आणि म्हणाला, सर, मी रस्त्यावर जाऊन सांगतो. रस्त्यावर रेंज नाही, रामकिसन म्हणाले, इथंच सांगा की, आम्हाला काय कळतंय त्यातलं?

कल्याण हळू आवाजात सांगायला लागला. उषाबाईंना ऐकू येईना. शेवटी पोराने डोळे मिटले आणि ओरडून एकेक इंग्रजी अक्षर सांगितलं. परतूरचा पी. राजूरचा आर. इस्त्रीचा आय. यात्रेचा वाय. अंबडचा ए. दारातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दाभाडीचा डी. रामकिसन यांची बोटं परातीच्या कडेवर थांबली. ते दहावी शिकले होते आणि मुलीची फी भरताना हे नाव त्यांनी कितीदा तरी लिहिलं होतं.

"हा पासवर्ड कवा टाकल्ता?" त्यांनी वामनरावांना विचारलं. वामनरावांना ओघात खरं बोलायची सवय लागली होती. दसऱ्याला, ते म्हणाले, खंडेनवमीला.

"पोरगी बघायला तर हे संक्रांतीनंतर आल्ते."

कल्याणच्या तोंडावरचा रंग उडाला. वामनरावांना वाटलं, संपलं. आपण हे लग्न दोनदा मोडलं, एकदा जालन्यातून आणि एकदा समक्ष येऊन. तेवढ्यात दारातून प्रियदर्शनी बोलली.

"अण्णा, दसऱ्याच्या आधी आमच्या अंबडच्या कॉलेजात कॉम्प्युटर बिघडले होते, तवा हे नीट करायला आल्ते. दोनदा आले, दोनदाच बोललो. मध्यस्थाला ह्यांचं घर मीच सांगितल्तं." मग तिने एक श्वास घेतला. "हक्क बघून न्हाई सांगितलं मी. माणूस बघून सांगितलं."

रामकिसन लेकीकडे बघत राहिले. मग परातीकडे बघितलं, मग कल्याणकडे. फोनमधून उषाबाई ओरडत होत्या, साहेब, डी झाला, पुढं काय? पुढं काय? रामकिसन उठले, त्यांनी कल्याणच्या हातातला मोबाइल घेतला आणि लिंबाच्या बुंध्याला तोंड करून म्हणाले, "बाई, मी पोरीचा बाप बोलतो. माझ्या लेकीचं नाव हाये. पुरं लिव्हा." आणि उरलेली अक्षरं त्यांनी स्वतः सांगितली, सावकाश, एकही न चुकता.

त्या दिवशी नवे दर चढले, टेम्पो सुटले. वामनराव जेवल्याशिवाय सुटले नाहीत. निघताना रामकिसननी त्यांना एक गोष्ट ऐकवली, ती त्यांच्या गावची रीत: ज्याच्या घरी कार्य, त्याच्या हाती चावी नसते. स्वतःच्या लग्नाला स्वतःच भांडी देणारा माणूस मोजताना डोळेझाक करतो. तेव्हा माझ्या लेकीच्या लग्नापुरती चावी दुसऱ्याकडे, ते म्हणाले, आणि करदोड्याची चावी सोडून वामनरावांच्या हातात ठेवली. वामनरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली. खंडेनवमीला त्यांना कुणी एवढं दिलं नव्हतं.

कंपनीतही तीच रीत लागली. हक्क कुणाच्याच घरी राहायचे नाहीत. सपोर्टच्या पोराला लागले की त्याने मागायचे, कशाला हवे ते सांगायचं, वामनरावांनी मोबाइलवर मंजूर करायचं, काम झालं की ते आपोआप परत. आणि वामनरावांना स्वतःला लागले तर? तर मंजूर करणार कल्याण. काकासाहेबांनी हे ऐकून घेतलं, खूश झाले आणि यंदाच्या खंडेनवमीपासून पुन्हा चांदीचं नाणं द्यायचं ठरवलं. उषाबाईंना हक्क गेल्याचं काही वाटलं नाही. ताकाची बरणी आत ठेवायला मंजुरी लागणार नाही ना, एवढं त्यांनी पक्कं करून घेतलं. या सगळ्याचं अवसान चढून वामनराव एका सकाळी नागसेनांकडे गेले आणि शिडी मागून आणली. नागसेनांनी ती पुसून दिली आणि वर सल्ला दिला की शिडी अशी कुणाला देत जाऊ नका, परत येत नाही.

मग लग्न. मांडवात गर्दी, वडीगोद्रीचा व्यापारी पहिल्या रांगेत, खिशात घडी घातलेली पत्रिका. वामनराव देवळामागच्या खोलीच्या उंबऱ्यावर चावी कमरेला लावून बसलेले. आचारी येई, कढई मागे. वामनराव विचारत, कशाला? बुंदीला. मग देत. ताराबाई लांबून बघत होत्या. नवऱ्याला एवढ्या ताठ पाठीने बसलेलं त्यांनी लग्नानंतर बघितलं नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि जालन्याहून उषाबाईंचा फोन आला. सर्व्हर अडकला होता, ऐन हंगामाचा माल, अंगणात टेम्पो. वामनरावांनी लॅपटॉप बरोबर आणला होताच, आणि देवळापाशी रेंज होती. उपड्या हंड्यावर तो ठेवून त्यांनी बघितलं. मामुली काम, पण हक्क लागणार. आणि हक्क मंजूर करणारा माणूस बाशिंग बांधून अंतरपाटाच्या पलीकडे उभा. वामनरावांनी देवाचं नाव घेतलं आणि मागणी पाठवली.

ऐन मंगलाष्टकात नवरदेवाच्या शेरवानीत टिंग वाजलं. कल्याणने मोबाइल काढला. गुरुजींनी डोळे मोठे केले, पण अष्टक सोडलं नाही. रामकिसन वाकून म्हणाले, काय झालं?

"मामा, साहेब कढई मागून राह्यले," कल्याण म्हणाला.

"कशाला पाहिजे, ते इचारलं का?"

नव्हतं विचारलं. तो प्रश्न मग मांडवातून तोंडातोंडी मागे गेला. कशाला पाहिजे? साहेब, कशाला पाहिजे? वामनरावांनी उंबऱ्यावरून उत्तर दिलं, बिलं अडकलीत, आणि तेही तसंच पुढे आलं. वडीगोद्रीच्या व्यापाऱ्याने ते सगळ्यांत मोठ्याने पोचवलं. अख्ख्या कुंभार पिंपळगावाने बघितलं की जालन्याचा साहेब हक्क मागतोय आणि आपल्या गावचा जावई ते द्यायचे की नाही ते ठरवतोय. रामकिसन यांची मान अशी ताठ झाली की फेटा सरळ करावा लागला. कल्याणने मंजूर दाबलं. अंतरपाटाच्या पलीकडून हसण्याचा बारीक आवाज आला.

वामनरावांनी काम केलं, लॅपटॉप मिटला, खोलीला कुलूप लावलं आणि धावत मांडवात शिरले तेव्हा शेवटचं अष्टक चालू होतं. त्यांच्या हातात अक्षता नव्हत्या. रामकिसननी आपल्या मुठीतल्या निम्म्या त्यांच्या ओंजळीत ओतल्या आणि कानाशी विचारलं, "झालं का काम?"

"झालं."

"अन् कढई?"

"घासून ठेवली," वामनराव म्हणाले, आणि दोघांनी मिळून अक्षता टाकल्या.